उंदराच्या आतड्यातील कोळशाची धाव

पावसाळा लागला की आरमोरीतल्या माझ्या औषधाच्या दुकानात एक मागणी ठरलेली असते: "जुलाब बंद करणारी गोळी द्या." घरोघरी कच्च्या बेलाच्या वाळवलेल्या फोडी आणि कुड्याची सालही असतेच. परवा एका गिऱ्हाइकाने विचारले, "कुड्याची साल आतडे धरते म्हणतात, ते प्रयोगशाळेत मोजतात तरी कसे?" बी. फार्म.ला असताना तो प्रयोग मी केला आहे, म्हणून आज तोच सांगतो.

आतडे लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलते. या चालीचा वेग मोजायला वीस-पंचवीस ग्रॅमचे पांढरे उंदीर घेतात. रात्रभर उपाशी ठेवतात, पाणी मात्र देतात. एका गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला तपासायचा काढा, तिसऱ्याला लोपेरामाईड किंवा अ‍ॅट्रोपीन, म्हणजे ज्याचा परिणाम आधीच ठाऊक आहे असे औषध. मग डिंकाच्या पाण्यात कालवलेली कोळशाची पूड, सुमारे पाव मिलिलिटर, तोंडावाटे पोटात सोडतात. वीस-तीस मिनिटांनी उंदराला मारून लहान आतडे अलगद काढायचे आणि पट्टीशेजारी ठेवायचे. जरा ओढले तरी ते लांबते आणि सारा हिशेब बिघडतो. समजा आतडे 40 सेंटिमीटर आहे आणि काळा रंग 24 पर्यंत पोचला. म्हणजे 60 टक्के. काढा दिलेल्या उंदरांत हाच आकडा 35 आला, तर काढ्याने चाल मंदावली.

एका आकड्यासाठी एक जीव जातो, हे मला तेव्हाही खटकत असे. आता अशा प्रयोगाला संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. उंदीर न मारताही काही मोजता येते: लाल कार्माईन रंग पाजून पहिली लाल लेंडी किती वेळाने पडते ते पाहतात, किंवा गुदद्वारातून बारीक काचेचा मणी आत ठेवून तो बाहेर पडेपर्यंतची मिनिटे मोजतात.

पण वाचकहो, कोळसा फक्त वेग सांगतो. जुलाब कशाने झाले, शरीरातले पाणी किती गेले, हे तो सांगत नाही. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने 2009 साली कच्च्या बेलाच्या काढ्यावरचे काम प्रसिद्ध केले. तपासलेले जिवाणू काढ्याने मेले नाहीत, पण त्यांचे पेशींना चिकटणे कमी झाले आणि कॉलऱ्याच्या विषावरही परिणाम दिसला. कोळशाच्या पट्टीवर हे कधीच दिसले नसते.

उलट, पट्टीवर उत्तम ठरणारे लोपेरामाईड तान्ह्या मुलांना घातक ठरू शकते. आतडे निपचित पडते, पोट फुगते, जंतू व विष आतच राहतात. पाकिस्तानात अशी बालके दगावल्यावर 1990 साली या औषधाचे थेंब मागे घेतले गेले. म्हणून लहान मुलासाठी ती गोळी मी देत नाही, कितीही आग्रह केला तरी. काढाही बाळावर आजमावू नये.

त्याऐवजी ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घोट-घोट पाजा. आईचे दूध चालू ठेवा. सोबत 14 दिवस झिंक: सहा महिन्यांपर्यंत रोज 10 मिलिग्रॅम, पुढे पाच वर्षांपर्यंत 20. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसले, तर सरळ सरकारी दवाखाना गाठा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.