जक्कयाची भरपाई व आमच्या मंडळ्यांतील न्याय

शास्त्रभाग : लेवीय ६:१-७; मत्तय ५:२३, २४; लूक १९:१-१०.

चोरी किंवा मारामारी झाली म्हणजे चावडीवर व कोर्टांत पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, गुन्हा कोणीं केला व त्यास शिक्षा काय? ज्याचें घर फुटलें, ज्याचा हात मोडला, तो साक्ष देऊन घरीं परततो व विसरला जातो. शास्त्र मात्र आणखी एक प्रश्न विचारतें : ज्याची हानि झाली त्याचें काय?

१. शास्त्राची शिकवण. लेवीयांतील नियमाप्रमाणें शेजाऱ्यास लुबाडणाऱ्यानें मूळ वस्तु परत करून वर पांचवा हिस्सा द्यावयाचा असे. दोषार्पणाबरोबर ही भरपाई आवश्यक होती. प्रभूनेंही अर्पण वेदीपुढें ठेवून आधीं भावाशीं समेट करण्यास सांगितलें. जक्कय तर चौपट देण्यास उभा राहिला. तारण विकत घेण्यासाठीं नव्हे, तर तारणारा घरीं आला म्हणून. खरा पश्चात्ताप दुखावलेल्याच्या दारापर्यंत चालत जातो.

२. एक उदाहरण. इ. स. १९७४ मध्यें कॅनडा देशांतील एल्मायरा गांवीं दोन तरुणांनीं दारूच्या नशेंत एका रात्रीं मोटारींचे टायर फाडले व खिडक्या फोडल्या. कोर्टांत त्यांनीं २२ आरोप कबूल केले. तेव्हां मेनोनाइट मंडळीच्या एका सेवकानें व एका परिवीक्षा अधिकाऱ्यानें सुचविलें कीं, ज्यांचें नुकसान झालें त्यांची ह्या तरुणांनीं समक्ष भेट घ्यावी. न्यायाधीश प्रथम साशंक होते, परंतु पुढें त्यांनीं तसा हुकूम दिला. तरुण दारोदार गेले, लोकांचें म्हणणें त्यांनीं ऐकून घेतलें, व कांहीं महिन्यांत भरपाई केली. पुढें १९८९ मध्यें न्यूझीलंड देशानें मुलांच्या गुन्ह्यांसाठीं कायदा करून, मुलाचे कुटुंबीय, पीडित व पोलीस ह्यांनीं एकत्र बसून मार्ग ठरविण्याची सोय केली. तीमध्यें माओरी लोकांच्या रीतीचाही अंश आहे.

३. एक इशारा. कोणी पंच म्हणेल, "आम्ही तर नेहमींच प्रकरणें मिटवितों." बंधूंनो, मिटविणें व भरून देणें ह्यांत मोठें अंतर आहे. एखाद्या विधवेस "क्षमा कर, मंडळीची अब्रू राख" म्हणून दटावणें हा समेट नव्हे, तो दुसरा अन्याय होय. यरीहोच्या लोकांनीं जक्कयास क्षमा करावी असें प्रभूनें त्यांस फर्माविलें नाहीं. जक्कय स्वतः उठला. क्षमा हें पीडिताचें दान आहे. तें कोणीं वसूल करूं नये. स्त्रियांवरील अत्याचार तर पंचांपुढें मुळींच मिटवूं नयेत. बालकांवरील लैंगिक अत्याचार कळल्यास पोलिसांस कळविणें हें २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें प्रत्येकावर बंधनकारक आहे.

४. देशाचा कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्यें पीडितास सरकारी योजनेंतून भरपाई देण्याची तरतूद आहे. गुन्हेगार सांपडला नाहीं तरीही जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करितां येतो. तसेंच तपासाची प्रगति ९० दिवसांच्या आंत फिर्यादीस किंवा पीडितास कळविणें हें पोलिसांचें कर्तव्य आहे. पुष्कळ गांवकऱ्यांस हें ठाऊक नसतें. पाळकांनीं व वडिलांनीं अशा कुटुंबास अर्ज लिहून द्यावा व त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणीं जावें.

विचारार्थ प्रश्न.
(१) आपल्या गांवांत ज्याची हानि झाली व ज्याच्याकडे कोणी गेलें नाहीं, असें घर कोणतें?
(२) आपण कोणाचें कांहीं देणें लागतों काय? तें परत करण्यास काय अडथळा आहे?
(३) आपल्या मंडळीच्या पंचांपुढें दुबळ्यास निर्भयपणें बोलतां येतें काय?

येत्या उपासनेपूर्वीं पहिल्या प्रश्नांतील त्या घरीं दोघांनीं जावें, उपदेश न करितां त्यांचें ऐकून घ्यावें, व त्यांस काय हवें आहे तें विचारावें. न्यायाचा आरंभ तेथून होवो.