मुलांना शेजारी पाठवू नका

घरात कुणी गेलं की आपण पहिल्यांदा काय करतो? मुलांना शेजारी पाठवतो. काकू टीव्ही लावून देतात, बिस्किटं देतात. संध्याकाळी मुलं परत येतात तर आजोबांची कॉट उचललेली, मोठी माणसं कुजबुजतायत. विचारलं की उत्तर मिळतं, "आजोबा देवाघरी गेले हं. जा, खेळ जा."

हे आपण सगळेच करतो आणि मायेपोटीच करतो. त्या दिवशी आपल्यालाही काही सुचत नसतं. फोन, नातेवाईक, दवाखान्याचं बिल, सामानाची जमवाजमव. मुलाला जवळ घेऊन बसायला वेळ कुठून काढायचा? शिवाय पोटात धाकधूक : त्याच्यासमोर मलाच रडू आलं तर?

येऊ द्या की. आई रडते, मग पदराने डोळे पुसते आणि रात्री कुकरही लावते, हे पाहिलं की दुःखातून माणूस उठतो हे मुलाला न शिकवता कळतं.

आपण सांगितलं नाही, तर मुलं ती जागा स्वतःच्या कल्पनेने भरतात. आजी 'झोपली' म्हटलं, तर धाकटीला रात्री डोळे मिटायची भीती वाटू लागते. शाळेत जाणारा थोरला गप्प होतो आणि मनातल्या मनात जुळवाजुळव करतो : मी आजोबांवर चिडलो होतो, म्हणून तर नाही ना गेले? हे तो सहसा बोलून दाखवत नाही. म्हणून त्याने विचारायची वाट न पाहता आपणच सांगायचं, "तुझ्या बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे हे झालेलं नाही."

बाकीचंही साधंच सांगावं. "आजोबांचं शरीर खूप थकलं आणि बंद पडलं. आता ते परत येणार नाहीत. मलाही त्यांची खूप आठवण येते." गेलेलं माणूस परत येत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या सुमारास नीट उमगू लागतं. त्याहून लहान मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल. आपणही न कंटाळता तेच उत्तर द्यावं. आणि थोडं रडून ते खेळायला पळालं, तर 'याला काहीच वाटत नाही' असं म्हणू नये. मुलांना दुःख एका वेळी थोडंच पेलतं.

पण हे बोलणं अगदी शेवटच्या दिवशी सुरू करायचं म्हटलं, तर फार जड जातं. आजारपणातच मुलाला सोबत घेतलं तर सोपं होतं. आजीला पाणी नेऊन देणं, पायाला तेल लावणं, पेपर वाचून दाखवणं. ज्याने आजीसाठी काही केलं, त्याच्याजवळ ती गेल्यावर आठवणीही उरतात आणि 'मी केलं' हे समाधानही.

आजारी माणसाच्या सेवेत सगळ्यांना सोबत घेणं केरळने घराबाहेरही करून दाखवलंय. कोळिकोडमध्ये 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू केलं. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी करायच्या आणि घरच्यांनाही आधार द्यायचा, असं हे काम. पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या गावांतली साधी माणसं त्यात आली. आठवड्यातले निदान दोन तास देऊ शकणाऱ्यांना प्रशिक्षण मिळतं. नर्स जखमेचं ड्रेसिंग करते. स्वयंसेवक रुग्णाशी बोलत बसतात, घरात तांदूळ आहे का, मुलांची शाळा सुरू आहे का, ते बघतात. कॉलेजची मुलंही यात असतात. 2008 साली केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

आपल्याकडेही जागा आहेत. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र 1997 पासून कर्करुग्णांची विनामूल्य काळजी घेतं. नोकरी, डबे, क्लासची ने-आण यातून आपल्याला वेळ मिळणं कठीण, हे मीही जाणते. पण महिन्यातून एखादा दिवस आपण अशा ठिकाणी जाऊन आलो आणि जेवताना "आज एका आजोबांशी गप्पा मारल्या, ते खूप आजारी आहेत" इतकं सहज बोललो, तरी घरात हा विषय निघू लागतो. थोरली मुलं पुढे स्वतःहून विचारतील, "मी येऊ?"

घरातली वडीलधारी म्हणतील, "शुभ बोला गं, पोरांसमोर कशाला हे?" त्यांच्याशी वाद नको. त्यांचीही ती भीतीच आहे. आणि घरात कुणी गेलंच, तर अंत्यदर्शनाला मुलाला न्यायचं का, हे मुलालाच विचारावं. तिथे काय दिसेल ते आधी सांगावं, हात धरायला एक मोठं माणूस सोबत द्यावं. 'नाही' म्हणालं तर आग्रह करू नये.

तुमच्या घरी आत्ता कुणी आजारी असेल, तर आजच मुलाला जवळ बसवा. खरं काय ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगा आणि त्या माणसासाठी करता येईल असं एक छोटं काम त्याच्यावर सोपवा.