बोटभर भुतं

माझा भाचा इटलीत तोरिनोला नोकरी करतो. सुट्टीच्या रात्री तो आणि त्याचे मित्र टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगत जातो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि प्रत्येक पात्राची बोटभर उंचीची बाहुली टेबलावर पुढं सरकत राहते. तीन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "मामा, इथं दुकानात ड्रॅगन शंभर तऱ्हेचे मिळतात, पण नेपल्सचा मोनाचेल्लो मिळत नाही. सिसिलीच्या विहिरीतली माराबेक्का मिळत नाही. आपल्याकडं मुंजाची, हडळीची मूर्ती मिळते का?"

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालो होतो. राहायला पैनगंगेकाठी देऊळघाटला. संध्याकाळी गल्लीतली पोरं गोष्टी ऐकायला ओट्यावर जमायचीच. म्हटलं, शोधून पाहू. त्या शोधात जे हाती लागलं ते क्रमानं लिहितो.

१. आधी बाजारात जाऊ नका.

मी आधी बाजारातच गेलो. बुलडाणा झालं, शेगाव झालं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणि तोफा मिळाल्या. पोळ्याचे मातीचे बैल मिळाले, महालक्ष्म्यांपुढं ठेवायची पिलवंडं मिळाली, प्लास्टिकचे वाघ आणि डायनोसॉर तर टोपलीनं मिळाले. राक्षस मात्र सगळीकडं एकच: देवीच्या पायाखालचा महिषासुर, शिंगं आणि झुपकेदार मिशांचा. त्यालाच हिरवा रंग देऊन मी लोणारचा लवणासुर म्हणून पोरांपुढं ठेवला.

पाचवीतल्या एका पोरानं तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "सर, हा तर देवीचा हाये. लोणारचा तर जमिनीच्या आत राहत होता ना? याचं भोक कुठी हाये?"

त्याचं बरोबर होतं. लोणार आमच्याच जिल्ह्यातलं. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर काळ्या बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालं, हे मी वर्गात शिकवलेलं. पण गोष्ट सांगते की लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा, आणि विष्णूनं त्याच्या बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं. गावातल्या दैत्यसूदन मंदिरात तो विष्णू दैत्याला पायाखाली घेऊन उभा आहे. म्हणजे या राक्षसाची ओळख शिंगांत नाही, त्या खड्ड्यात आहे. मग आम्ही कुंभाराकडून झाकणाची एक लहान परळ करून घेतली. आत अंधार आणि तळाशी चुन्याचे दोन ठिपके, डोळ्यांचे. झाकण उचललं की पोरं आजही एक पाऊल मागं सरकतात.

२. कसं दिसतं ते विचारू नका. कुठं राहतं ते विचारा.

सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. "हडळ कशी दिसते?" असं विचारलं की म्हातारी माणसंसुद्धा टीव्ही मालिकेतली बाई सांगतात: पांढरं लुगडं, मोकळे केस. "कुठं राहते?" म्हटलं की आवाज बदलतो. मग नेमका धुरा सांगतात, नेमकी बाभूळ सांगतात, नदीच्या कोणत्या वळणाला डोह होता आणि तो गाळानं कधी भरला ते सांगतात. तिथं कोण गेलं होतं, दिवेलागणीनंतर का गेलं होतं, घरी आल्यावर किती दिवस तापानं फणफणलं. ते ऐकता ऐकता मूर्ती डोळ्यांपुढं आपोआप उभी राहते.

हे काम आपल्याकडं आधी शाळामास्तरांनीच केलेलं आहे, हे मला उशिरा कळलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती जमवत होता. त्याच्या प्रश्नांना उत्तरं लिहून पाठवली ती गावोगावच्या शिक्षकांनी. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनला गोळी घातली आणि ते कागद मागं राहिले. आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातून कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक १९१५ साली काढलं. त्यात एकेका गोष्टीखाली अमुक गावचा शाळामास्तर असा हवाला आहे. तेवढे चार शब्द वाचून माझे डोळे भरून आले होते.

पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता. तो निजामाकडून इंग्रजांकडं आलेला मुलूख, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला. ती प्रश्नावली आमच्या घाटावर आलीच नाही. कोकणातला गिऱ्हा आणि देवचार कागदावर उतरले, आमच्या धुऱ्यावरचे राहून गेले. म्हणून सांगतो, मूर्तीच्या आधी वही घ्या. ऐंशीच्या पुढचं माणूस भेटलं की त्याच दिवशी बसा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका. माझ्या यादीतल्या दोघी त्या पुढच्या आठवड्यापर्यंत राहिल्या नाहीत.

३. नाव एक असलं तरी रूप गावागणिक वेगळं.

वेताळाचंच बघा. गोव्यात तो पुरुषभर उंचीची दगडी मूर्ती होऊन उभा असतो, हातापायांसकट. देशावर तोच वेताळ म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड आणि भोवती रिंगण करून बसलेले लहान दगड, त्याची फौज. गोव्याची मूर्ती पाहून आमच्या पोरांसाठी वेताळ घडवला असता तर तो आमच्याकडं परकाच राहिला असता.

देऊळघाटात मराठी आणि उर्दू दोन्ही घरोघर बोलल्या जातात. गावातल्याच एका झाडावर मराठी घरातली आजी मुंजा आहे म्हणते. शेजारच्या खाला म्हणतात, तिथं जिन आहे, मगरीबनंतर तिथं थांबू नका. झाड तेच, वेळ तीच, लेकरांच्या काळजीनं बाईचा आवाज होतो तोही तसाच. मी झाड एकच केलं, तारेला सुतळी गुंडाळून. त्याच्याखाली कोण उभं करायचं ते गोष्ट सांगणाऱ्यावर सोडलं.

४. ज्याला रूप नाही त्याला रूप देऊ नका.

साती आसरांसाठी मी महिनाभर सात बायकांच्या मूर्ती शोधल्या. मूळच्या अप्सरा, म्हणजे सुंदर असणार, असं माझं पुस्तकी गणित. शेवटी एका शेतकऱ्यानं मला त्याच्या विहिरीवर नेलं. थारोळ्यापाशी ओळीनं सात गोटे, शेंदूर लावलेले, पुढं हिरव्या बांगड्या आणि नारळाची कवटी. तो म्हणाला, "ह्या हायेत न आसरा. बाई कायले करता?"

त्या दिवशी मी पैनगंगेच्या कोरड्या पात्रातून बोराएवढे सात गोटे वेचून आणले. पैसा लागला नाही. ही बोटभर रूपं घडवण्याची रीत आपल्याकडं किती जुनी आहे ते मला तेव्हा दिसलं. देव्हाऱ्यातला चांदीचा टाक आणि शेंदराचा तांदळा हे तेच. पोरींची मातीची भुलाबाईसुद्धा तेच, भाद्रपद पुनवेला बसून कोजागिरीला जाणारी. मी दुकानात जे हुडकत होतो ते माझ्या आईच्या देव्हाऱ्यात पितळी ताटलीत होतं.

ते गोटे मात्र मी खेळण्यांच्या पेटीत ठेवले नाहीत. ते तिथं ठेवणं शेजारच्या सुनेला खटकलं आणि मला तिचं पटलं. गोष्ट संपली की पोरंच ते नदीत नेऊन ठेवतात, पुढच्या वेळी नवे वेचतात.

चकव्याचं काय करायचं हा याहून अवघड प्रश्न होता. चकवा दिसत नाही. माणूस ओळखीच्या शिवारात रात्रभर चालतो आणि उजाडताना जिथून निघाला तिथंच असतो. आमच्याकडं कोणी म्हणतं चकवा लागला, कोणी म्हणतं भुलनवेल ओलांडली गेली. एका पोरीनं तोडगा काढला. ओल्या मातीच्या पाटावर तिनं आगपेटीच्या काडीनं पावलं उमटवली, गोल, एकावर एक, बाहेर पडायला वाटच नाही अशी. मधे एक कंदील धरलेला माणूस. सगळ्या पेटीत मला ती वस्तू फार आवडते, आणि तिच्यात भूत कुठंच नाही.

५. एक माप धरा.

मावळा किल्ल्याच्या दरवाजापेक्षा उंच, हे दिवाळीत चालतं, गोष्टीत चालत नाही. आमचं माप ठरलं: मोठं माणूस म्हणजे मधल्या बोटाची दोन पेरं. बाकी सगळं त्यावरून.

६. काळी माती एकटी वापरू नका.

आमची कपाशीची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पहिल्या वर्षीच्या अकरा मूर्तींपैकी नऊ उन्हात तडकल्या. कुंभारानं सांगितलं ते असं: नदीचा गाळ घ्या, चाळणीनं चाळा, बारीक राख मिसळा, आणि पिंजलेला कापूस तोडून मळताना आत घाला. कापसाचे धागे मातीला धरून ठेवतात. वाळवायचं सावलीत, सुती फडक्याखाली, चार दिवस तरी. नंतर गेरू आणि चुना. तेलरंग दिला की मूर्ती बाजारातल्यासारखी चकचकते आणि पोरांचं तिच्यावरचं लक्ष उडतं.

७. भिणाऱ्या पोराच्या हातात मूर्ती द्या.

एका जुन्या सहकाऱ्यानं मला सरळ विचारलं, "आपण आयुष्यभर विज्ञान शिकवलं. २०१३ ला जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. आता पोरांना भुतं शिकवता?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना पोरांमधे आणून बसवलं. संध्याकाळी पिंपळावरून एकटा जायला घाबरणारा एक मुलगा तिथं होता. तो मुंजाची मूर्ती तळहातावर घेऊन बसला होता, तिच्या शेंडीवरून बोट फिरवत. त्याच मुलानं सरांना समजावलं की हा मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला पोरगा आहे, आपल्याएवढाच. सर त्यानंतर काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला ते स्वतः एक गोष्ट घेऊन आले.

८. उसनं घ्यायला हरकत नाही, पाय तेवढे बघून घ्या.

भाच्याला नेपल्सच्या सान ग्रेगोरियो आर्मेनो गल्लीत मोनाचेल्लो शेवटी मिळाला. त्या गल्लीत नाताळच्या देखाव्यासाठी मातीच्या बाहुल्या वर्षभर घडवतात. साधूच्या झग्यातलं हे छोटं पोरगं घरात वस्तू लपवतं, कधी पैसे ठेवून जातं. तो माझ्याकडं आला आणि माझा मुंजा तिकडं गेला. दोघंही पोरंच, त्यामुळं दोन्हीकडं रुळले.

मग भाच्यानं क्रिवापेतेचं विचारलं. इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेलगत नातिझोने नदीच्या खोऱ्यांत या रानबायका गुहांत राहतात, आणि त्यांचे पाय उलटे असतात. मी फोनवर ताडकन उठून बसलो. पाय उलटे! ही तर आमच्या हडळीची खूण. त्याला म्हटलं, मूर्ती शोधत बसू नकोस. कुठलीही साधी बाईची बाहुली घे, घोट्यात करवतीनं काप आणि पावलं मागं वळवून चिकटव. मी हडळ तशीच केली होती, पाणी भरणाऱ्या बाईच्या बाजारातल्या मूर्तीवरून. पाठीची माती चमच्यानं कोरून काढली होती, कारण हडळीची पाठ पोकळ असते. त्यानं तसंच केलं. नातिझोने खोऱ्यातली ती रानबाई आता तोरिनोतल्या एका टेबलावर उलट्या पावलांनी उभी आहे.

९. मूर्ती जुन्या माणसाला दाखवल्याशिवाय पुरी झाली म्हणू नका.

हडळ मला मनासारखी जमली होती. उलटे पाय, पोकळ पाठ, केस काळ्या लोकरीचे. ती मी गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला दाखवायला नेली. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून तिनं मूर्ती बोटांनी चाचपली. पाय चाचपले, मान हलवली. पाठीच्या खळग्यात अंगठा फिरवला. मग रिकामे हात चाचपले आणि तिथंच थांबली.

"गुर्जी, हिचं लेकरू कुठी हाये?"

मला उत्तर सुचेना. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली किंवा दहा दिवसांच्या आत गेलेली बाई, हे मी वहीत लिहून घेतलं होतं. शाळेत कितीदा सांगितलंही असेन. पण ती लेकरू मागं ठेवून गेली आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आजी सांगू लागली. तिची थोरली बहीण दुसऱ्या खेपेला गेली. पावसाळा होता, नदी चढलेली, गाडी पलीकडं जाईना. मूल वाचलं. पुढं कितीतरी दिवस घरातल्या बाया दिवेलागणीला दार लावून घेत, ती लेकराला पाजायला येईल म्हणून. "भेव वाटे," आजी म्हणाली, "पण माय, येऊ द्या तिले, असंबी वाटे."

घरी येऊन मी मूठभर गाळ मळला. कापूस जरा जास्तच घातला. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं डोकं, बाकी सगळं दुपट्यात गुंडाळलेलं. हडळीचे हात कोपरात कापून पुन्हा वाकवून बसवावे लागले. मूर्ती सावलीत वाळली तेव्हा एक हात खांद्यापाशी थोडा तडकला होता. मी तो तसाच राहू दिला आणि पाचव्या दिवशी मूर्ती पुन्हा आजीकडं नेली. तिनं चाचपून पाहिली, पदराच्या टोकानं लेकराच्या तोंडावरची राख पुसली, आणि पोरं येईपर्यंत मूर्ती मांडीवर घेऊन बसली.