मासिक कोणासाठी?

अमरावती किंवा अकोल्याच्या बसस्थानकावर तुम्ही मासिके विकायला ठेवलेली पाहिली असतील. एकावर कपाशीचे बोंड, दुसऱ्यावर क्रिकेटपटू, तिसऱ्यावर हसणारी मुले. पान न उलटताच मासिक आपल्याला सांगते, "मी अमक्यासाठी आहे." ते हे कसे सांगते?

मासिकाच्या पहिल्या बाहेरच्या पानाला मुखपृष्ठ म्हणतात. उर्दूत आपण त्याला सरवरक म्हणतो. लेखाच्या वर ठळक अक्षरांत असतो तो मथळा. पानावरील मजकुराची उभी पट्टी म्हणजे रकाना. मजकुराभोवती सोडलेली कोरी जागा म्हणजे समास. व्याकरणातला समास वेगळा बरे का! तो शब्द जोडतो. हा डोळ्यांना विसावा देतो. हे सगळे पानावर नीट बसवणे, याला मांडणी म्हणतात.

मांडणी ठरते ती वाचकवर्ग पाहून. ज्या लोकांसाठी मासिक निघते, तो त्याचा वाचकवर्ग. समजा, बोंडअळीवर लेख द्यायचा आहे. वाचक शेतकरी आहे. मग अक्षर मोठे हवे, अळीचे चित्र स्पष्ट हवे आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या चौकटीत हवे. ते प्रमाण बारीक अक्षरांत कोपऱ्यात छापले आणि वाचणाऱ्याची चूक झाली, तर पिकालाही धोका आणि फवारणाऱ्यालाही.

वाचकवर्ग ओळखण्याचे एक चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. किर्लोस्करवाडीहून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. सुरुवातीला त्यात कारखान्याची माहिती असे. पुढे ते घराघरांत वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले. त्याच संस्थेने 1930 साली स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' ही मासिके काढली. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. मुलांसाठी बालभारतीने 14 नोव्हेंबर 1971 रोजी 'किशोर' सुरू केले. उर्दूतही ही वाट जुनी आहे. लाहोरहून 1898 साली 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांसाठीचे साप्ताहिक निघाले. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादिका होत्या.

आता आणखी दोन शब्द. अंकाच्या जितक्या प्रती विकल्या जातात, तो त्याचा खप. पण एक प्रत घरातले पाच जण वाचतात, म्हणून वाचक खपापेक्षा जास्त असतात. जाहिरात देणारा खपही पाहतो आणि वाचकवर्गही. म्हणून वाचताना स्वतःला विचारा : हा मजकूर मला काही सांगण्यासाठी आहे, की मला काही विकण्यासाठी?

आणि एक गोष्ट विसरू नका. वाचकवर्ग ठरवताना कोणीतरी बाहेर राहते. तुम्ही शाळेचा हस्तलिखित अंक फक्त मराठीत काढला, तर केवळ उर्दू वाचणारी तुमची अम्मी तुमचा लेख कसा वाचणार? फक्त उर्दूत काढला, तर शेजारच्या काकूंना तो कसा कळणार? यावर सोपा उपाय आहे. मराठी पुस्तक डावीकडून उघडते, उर्दू उजवीकडून. एकाच अंकाला दोन मुखपृष्ठे द्या. दोन्ही भाषा मधल्या पानावर येऊन भेटतील. उर्दू मजकुराच्या ओळींत मात्र थोडे जास्त अंतर ठेवा. नस्तालीक अक्षरांना वर-खाली जागा लागते.

अंक सुंदर दिसावा हे खरेच. पण ज्याच्यासाठी काढला त्याला तो वाचता यावा, हे त्याहून महत्त्वाचे.

शब्दार्थ : मुखपृष्ठ – सरवरक, मासिक – माहनामा, मथळा – सुर्खी, समास – हाशिया, संपादक – मुदीर, जाहिरात – इश्तिहार.

स्वाध्याय
1. खप आणि वाचकसंख्या यांत काय फरक आहे?
2. तुमच्या आजोबांसाठी एक पान तयार करायचे आहे. अक्षर, चित्र व समास कसे ठेवाल ते पाच ओळींत लिहा.