तेलगाव फाट्यावरून चिबाला

‘न्यूरोमॅन्सर’ हा १९८८ सालचा संगणकावरचा खेळ. विल्यम गिब्सनच्या त्याच नावाच्या, १९८४ साली आलेल्या कादंबरीवरून अमेरिकेतल्या इंटरप्ले कंपनीनं तो बनवला. आजच्या पोरांना त्याची चित्रं दाखवली तर ती हसतात, आणि त्यांचं हसणं रास्तच आहे. मी तो नव्वदच्या सुमारास औरंगाबादला पॉलिटेक्निकला असताना खेळलो. सुट्टीला बीड जिल्ह्यातल्या तेलगावला, गावी आलो की संगणकावाचून, नुसत्या वहीत खेळलो. आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा खेळतोय. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो. आकडे टाकलेत ते फक्त वाचायला सोपं जावं म्हणून.

१. नायकाच्या डोक्यावर किती देणं आहे ते आधी सांगावं.

खेळ सुरू होतो तेव्हा आपण जपानातल्या चिबा शहरात, एका बारमध्ये, स्पॅगेटीच्या ताटात तोंड खुपसून पडलेलो असतो. उठल्या उठल्या रात्झ नावाचा बारवाला बिल मागतो. आपलं यंत्र, ज्याला खेळात डेक म्हणतात, ते गहाण पडलेलं. राहत्या हॉटेलाचं भाडं थकलेलं. पुढची सगळी गोष्ट इथून वर चढते.

तोवर माझी विज्ञानकथा म्हणजे जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, हा किस्सा आम्हाला शाळेतल्या सरांनी सांगितलेला. मी वाचलेल्या बहुतेक गोष्टींतला माणूस कुठल्यातरी संस्थेत कामाला असायचा. त्याला पगार असायचा, विश्वाची काळजी असायची. चिबातल्या गड्याला रात्रीच्या जेवणाची काळजी होती. त्याची माझी ओळख पटायला वेळ लागला नाही.

२. अवयव विकत घेणारं दुकान मला परकं वाटलं नाही.

चिबात एक बॉडी शॉप आहे. पैसे संपले की तिथं जायचं आणि स्वतःचे अवयव विकायचे. पडद्यावर यादी येते, प्रत्येक अवयवापुढं किंमत. विकताना मिळतात कमी, परत घ्यायचा तर मोजावे लागतात जास्त. मेलो तरी सुटका नाही. त्याच दुकानात आपल्याला जिवंत करून उठवतात आणि खिशातले पैसे काढून घेतात. हॉस्टेलवरची पुण्या-मुंबईकडची पोरं या जागेवर पोट धरून हसायची. हसलो मीही. पण माझ्या डोळ्यापुढं ऊसतोडीचा मुकादम उभा राहिला.

आमच्याकडं दसरा-दिवाळी उरकली की गावंच्या गावं ऊसतोडीला उठतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, त्याआधी पावसाळ्यातच घेतलेली असते. कुणी पोरीच्या लग्नाला, कुणी दवाखान्याला, कुणी मागच्या वर्षीची फिटली नाही म्हणून. मग हंगामभर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती अंगावरून उतरवायची. नाही उतरली तर पुढच्या सालीही मुकादम तोच. तेलगावात कारखाना आहे. माजलगावच्या धरणानं सिंदफणेचं पाणी अडवल्यापासून खालच्या अंगाला ऊसही आहे. तरी धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली माणसं चौकातून ट्रकात बसून लांब जातातच. गाडीत भांडीकुंडी, शेळी, लेकरं, म्हातारी. खाडा झाला की पैसे कापतात, ते वेगळंच.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. पोटाचं दुखणं, पाळीच्या दिवसांतला खाडा, पिशवीच काढून टाका म्हणणारा डॉक्टर, अशी सगळी कारणं एकात एक गुंतलेली. ते आकडे वाचले त्या दिवशी मला बॉडी शॉपची यादी आठवली. फरक एवढाच की चिबात विकणाऱ्याच्या हातात चार पैसे तरी पडतात. इथं शस्त्रक्रियेचे पैसे बाईनंच भरायचे, आणि त्यासाठी पुन्हा उचल घ्यायची.

इंटरप्लेच्या मंडळींनी ते दुकान गंमत म्हणून खेळात घातलं असणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण सायबरपंक, म्हणजे न्यूरोमॅन्सरच्या जातीची विज्ञानकथा, ही येऊ घातलेल्या काळाची भीती असते, असं कुणी समजावून सांगायला लागलं की मी विचारतो, येऊ घातलेला काळ कुणाचा?

३. वही घालावी.

या खेळात बंदुकीपेक्षा माहितीला मोल आहे. चिबात पॅक्स नावाची सार्वजनिक यंत्रं आहेत. त्यांवर बँक, बातम्या आणि निरोपांचा फलक. कुठल्या बातमीत कुठल्या कंपनीच्या संगणकाचा पत्ता दडलाय, कुणाच्या निरोपात कुठला पासवर्ड सुटलाय, हे टिपत बसावं लागतं. कॉमलिंक नावाच्या प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती हाती आली नाही तर काही दारं उघडतच नाहीत. हे सगळं डोक्यात राहत नाही. मी शंभरपानी वही केली होती. एका बाजूनं विद्युत मंडलांची जर्नलं, उलट्या बाजूनं चिबा.

त्या चिबातल्या फुटक्या हॉटेलाचं नाव चीप हॉटेल. त्याच्या संगणकाचा पत्ता चीपो. पहिला पासवर्ड गेस्ट, दुसरा कॉकरोच. एसटी स्टँडासमोरच्या लॉजवर ज्यानं एक रात्र काढली असेल त्याला या दुसऱ्या पासवर्डावर भाष्य नको. आत शिरलं की स्वतःचं थकलेलं बिल खोडता येतं. सुट्टीत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती वही उघडली. वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “हे कोणत्या विषयाचंय रं?” मी म्हटलं, “कॉम्प्युटरचं.” “आन् बिल कुणाचं बुडवायलास?” दुकानदार माणूस. नेमका तिथंच बोट ठेवून बसला.

नकली प्रत वापरणाऱ्याला अडवायला खेळासोबत पुठ्ठ्याचं फिरतं चक्र यायचं. पॅक्सनं संकेत मागितला की चक्र जुळवून आकडा शोधायचा. आमच्याकडं खेळच कुणाच्या तरी नातेवाइकाकडून फ्लॉपीवर उतरवून आलेला, तर चक्र कुठलं असायला! मुंबईहून त्या चक्राची झेरॉक्स आली. चकत्या कापल्या, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या, मधोमध टाचणी मारली. खेळाच्या आत कंपन्यांची कुलपं फोडायची आणि बाहेर खेळाचं. कायद्याच्या दृष्टीनं ते काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण १९९० मध्ये मराठवाड्यात तो खेळ पैसे टाकून कुठल्या दुकानात मिळाला असता, ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

४. सारखं सेव्ह करावं. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून वीज तयार करतंय. तेलगावहून सिरसाळ्याच्या रस्त्यानं गेलं की परळी. तिथून निघालेल्या तारा आमच्या शिवारावरून गेल्या आणि पुढं गेल्या; आमची वीज मात्र कधीही जायची. ज्याला हे माहीत आहे तो जे काही करतो ते दर पाच मिनिटांनी सेव्ह करतो.

५. खेळ एकच, पण यंत्रागणिक तो निराळा.

मला हे फार उशिरा कळलं. न्यूरोमॅन्सर आधी कमोडोर ६४ आणि ॲपल टू या घरगुती संगणकांवर आला. मग डॉस, ॲपल टूजीएस आणि आमिगा. कमोडोर १९८२ चा. ६४ किलोबाइट स्मृती, पण आवाजाची चिप तीन सुरांची आणि अंगात गाणं असलेली. डेव्हो या अमेरिकन बँडचं एक गाणं खेळाचं सुरुवातीचं संगीत म्हणून घेतलं होतं. कमोडोरवर ते ऐकलं की बारचं दार उघडून आत गेल्यासारखं वाटतं. आमच्या पीसीच्या भोंग्यातून एका वेळी एकच सूर निघायचा. मी कित्येक वर्षं तेच खरं संगीत समजत होतो. आमिगावर रंग आणि आवाज दोन्ही भरघोस, तरी माझा कौल कमोडोरलाच. आमिगावरचा चिबा जरा जास्तच स्वच्छ आहे.

आपल्याकडं काय होतं? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेत निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस इथं विकायला काढला. हौशी मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडून, कॅसेटवरून खेळ चढवत तो चालायचा. गंमत अशी की या दोन्ही यंत्रांवर न्यूरोमॅन्सर कधी निघालाच नाही. म्हणजे सरळ दारानं जे घरगुती संगणक देशात आले त्यांवर हा खेळ नाही, आणि ज्यांवर आहे ती यंत्रं आमच्यापर्यंत आली नाहीत. उरला कचेऱ्यांतला आणि कॉम्प्युटर क्लासमधला पीसी-एक्सटी. पगारपत्रकं काढायला घेतलेला, हर्क्युलस कार्डाचा, नारिंगी नाहीतर हिरव्या अक्षरांचा. रंगीत पडद्यासाठी लिहिलेला खेळ त्यावर चालावा म्हणून आधी सिमसीजीए नावाचा छोटा प्रोग्रॅम चढवायचा. हे नाव ज्याला कळतं तो माझ्या वयाचा, एवढं बिनधास्त समजावं. रंगांच्या जागी रेघारेघांचे पट्टे दिसायचे. चिबाचं आभाळ मी कॉलेजची सगळी वर्षं नारिंगी पाहिलं.

तरी सायबरस्पेस दिसायचं. काळ्या पडद्यावर जाळी, जाळीवर कंपन्यांचे ठोकळे. बाकीचं आपणच भरायचं, आणि तेलगावच्या माणसाला कमी सामानात भरपूर भागवायची सवय असतेच. गिब्सननं तरी काय वेगळं केलं? ‘सायबरस्पेस’ शब्द घरोघर पोचवणारी ती कादंबरी त्यानं हातानं बडवायच्या टाइपरायटरवर लिहिली. हे वाचलं तेव्हा माजलगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली खडखड आठवून मला उगाच बरं वाटलं.

६. लढाई खेळाबाहेरही चालू होती.

खेळात ड्रिल, हॅमर, ब्लोटॉर्च असे प्रोग्रॅम घेऊन कंपन्यांच्या भिंती फोडायच्या असतात. त्याच सुमाराला, जून १९९० मध्ये, भारतात जोशी नावाचा व्हायरस सापडला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरणारा. वर्षभर चिडीचूप, आणि ५ जानेवारीला संगणक अडवून बसणार. हॅपी बर्थडे जोशी असं टाइप करा, मगच पुढं जाऊ देतो. आमच्या क्लासमध्ये त्या दिवशी एकेक पोरगं यंत्रापुढं बसून कुणा अनोळखी जोशांना निमूट शुभेच्छा देत होतं. चिबातल्या कुठल्याही व्हायरसला एवढी विनोदबुद्धी नव्हती.

दुसऱ्या बाजूनं पुण्यात रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीवरून संगणक दुरुस्तीकडं वळले होते. गिऱ्हाइकांची यंत्रं व्हायरसनं बंद पडून येतात हे बघून त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील उभं राहिलं. नोकरीला लागल्यावर ती फ्लॉपी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मला गिब्सनचा भिंतफोड्या नायक जरा फिका वाटला. फोडणाऱ्यावर कादंबऱ्या निघतात. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यावर कुणीतरी मराठीत एक लिहायला हरकत नाही.

७. बोलता आलं पाहिजे.

या खेळात अंगी गुण येतात ते चिप विकत घेऊन. घासाघीस करायची चिप, जपानीची चिप, पोलिसांच्या ढंगात बोलायची चिप. शेवटाकडं कृत्रिम बुद्धीशी गाठ पडते तेव्हा बंदूक कामाची नसते. तिथं झेन, तत्त्वज्ञान आणि वितंडवाद वापरून तिला हरवावं लागतं. घासाघीस आम्ही तेलगावच्या बाजारात फुकट शिकलो. वितंडवादाची तर आमच्या चौकात शाखाच आहे.

८. भाच्याला शिकवायला जाऊ नये.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्यातली पोरं सर्टिफिकेटापुरती का होईना संगणकापुढं बसली. आता तेही मागं पडलं. इंटरनेट अर्काइव्हनं २०१५ मध्ये डॉसचे हजारो जुने खेळ ब्राउझरमध्येच खेळायला खुले केले. कमोडोरची प्रत हवी तर व्हाइस नावाचा एम्युलेटर आहे. गेल्या दिवाळीत भाच्याला म्हटलं, बस, दाखवतो. मी रात्झचं बिल समजावत होतो, तोवर यानं फोनवर सगळी उत्तरं शोधून काढली होती. जाळीवरच्या सायबरस्पेसचं त्याला काडीचं कौतुक वाटलं नाही. तो रमला हॉटेलाचं बिल खोडण्यात. मग बॉडी शॉपमध्ये गेला, यादी वाचली आणि विचारलं, “मामा, हे कर्जाच्या ॲपसारखंच झालं की. पण यात वसुलीवाले घरच्यांना फोन करत नाहीत का?”

नाही करत, म्हटलं. १९८८ चा खेळ आहे.

“मग सोपाय,” म्हणाला आणि बसल्या बैठकीला दोन अवयव विकून डेक सोडवून घेतला.