मारबुर्गचे पंधरावे कलम

वाचन : रोमकरांस पत्र १४:१-१३

१५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील मारबुर्गच्या किल्ल्यात धर्मसुधारणेचे दोन पुढारी, मार्टिन लूथर व झ्विंग्ली, समोरासमोर बसले. हेसचा अधिपती फिलिप याने त्यांना बोलावले होते. सुधारणेच्या पक्षावर राजकीय संकट होते व आपसांतली फूट परवडणारी नव्हती. वाद प्रभुभोजनाचा होता. भाकर व द्राक्षारस यांत प्रभूचे शरीर व रक्त खरोखर आहे, असे लूथर म्हणे. ती त्याची खूण आहे, असे झ्विंग्ली म्हणे.

त्याआधी काही वर्षे दोघे ग्रंथांतून भांडत होते. विरोधकांच्या मतामागे सैतान आहे, असे लूथर उघड लिही. झ्विंग्लीने १५२७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचे नाव मोठे स्नेहाचे होते, पण आतला सूर लूथरला धडे देण्याचाच होता. (हा दुसरा प्रकार आपणा शिक्षकांत अधिक आढळतो.)

मारबुर्गला लूथरने आरंभीच प्रभुभोजनाच्या स्थापनेचे शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले. योहान ६:६३ वर बोट ठेवून झ्विंग्ली म्हणाला की, हे वचन तुमची मान मोडील. लूथर संतापला : हे हेस आहे, स्वित्झर्लंड नव्हे, येथे माना इतक्या सहज मोडत नाहीत! आमच्याकडे ही बोलण्याची रीत आहे, असा खुलासा झ्विंग्लीला करावा लागला. मने आधीच कलुषित असली की साधी म्हणही शस्त्र वाटते.

शेवटी १५ कलमे लिहिली गेली. १४ वर पूर्ण एकमत झाले. पंधराव्यातही बहुतेक भाग दोघांना मान्य होता. अडले ते प्रभूच्या शारीरिक उपस्थितीवर. तेथे असे लिहिले की, सद्सद्विवेक परवानगी देईल तितकी प्रीती एकमेकांवर करावी. दोघांनी सह्या केल्या. परंतु झ्विंग्लीने डोळ्यांत पाणी आणून बंधुत्व मागितले असता लूथरने ते नाकारले. तुमचा आत्मा निराळा आहे, असे त्याचे म्हणणे पडले.

लूथरने आपले मत सोडले नाही, यात मला दोष दिसत नाही. रोम. १४:५ मध्ये पौल प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी असेच सांगतो. पण त्याच अध्यायात, चौथ्या व दहाव्या वचनांत, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, असेही तो विचारतो. वचनाच्या अर्थाविषयीची खात्री लूथरने भावाच्या अंतःकरणापर्यंत नेली, आणि ते त्याच्या अधिकारातले नव्हते. १५३१ मध्ये झ्विंग्ली कापेलच्या लढाईत पडला, तेव्हा लूथरने त्यात देवाचा न्याय पाहिला.

युरोपातील लूथरन व रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकींना व्यासपीठ व प्रभूचे मेज खुले केले ते १९७३ च्या लॉयेनबर्ग करारात, म्हणजे ४४४ वर्षांनी. आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. तीत बालकांचा बाप्तिस्मा मानणारे व केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांचा मानणारे, असे दोन्ही एकत्र आले. तो मतभेद मिटलेला नव्हता. दोन्ही रीतींना जागा ठेवली गेली.

शिक्षकांसाठी : वर्गात बाप्तिस्म्याचाच प्रश्न घ्यावा. प्रत्येक मुलाने प्रथम आपल्याविरुद्धचे मत असे मांडावे की, ते मानणाऱ्याने "हो, आम्ही हेच म्हणतो" अशी कबुली द्यावी. ती मिळाल्यावरच स्वतःचे मत सांगू द्यावे. मोठ्यांच्या वर्गात याला अधिक वेळ लागतो. दोन रविवार राखून ठेवावेत.