आरोग्यसेविकेचा विमा : जोखीम आणि दर्जा

भिलाईतील खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीत आजारी माणसाला कोणते संरक्षण मिळेल, हे बहुतांशी त्याच्या नोकरीच्या स्वरूपावर ठरते. पोलाद कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्यासाठी सेक्टर 9 मधील कारखान्याचे रुग्णालय आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कंत्राटी कामगारासाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. ताप, क्षय, बाळंतपण यांच्या निमित्ताने वस्तीत घरोघर जाणारी मितानिन मात्र या दोन्ही व्यवस्थांबाहेर राहते. कारण शासनाच्या लेखी ती कर्मचारी नसून स्वयंसेविका आहे.

छत्तीसगडने 2002 मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू केला. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ची योजना आखताना या अनुभवाचा उपयोग झाला. 2012 पासून शहरी वस्त्यांतही मितानिन काम करू लागल्या. छत्तीसगडीत मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. मैत्रीण कामाचे दाम मागत नाही, हे गृहीत या गोड नावातच दडले असावे! तिची मिळकत प्रामुख्याने कामागणिक मिळणाऱ्या प्रोत्साहन भत्त्याची आहे.

आरोग्यसेविकेला विम्यात अग्रक्रम का द्यावा, असा आक्षेप घेतला जातो. भट्टीजवळचा मजूर किंवा कचरा वेचणारी स्त्री यांचे आयुष्य कमी धोक्याचे नसते. आक्षेप योग्य आहे आणि सार्वत्रिक संरक्षण हेच त्याचे खरे उत्तर होय. तथापि एक भेद उरतो. संसर्गाचा धोका ओळखूनही समाजाच्या वतीने रुग्णाजवळ जाण्याचे काम शासन स्वतः आरोग्यसेविकेवर सोपविते. ज्याने जोखीम सोपविली, त्याच्यावर परतफेडीचे उत्तरदायित्व येते. नेमणुकीचा कागद कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे तत्त्व शासनाने एकदा स्पष्टपणे मान्य केले. मार्च 2020 मध्ये कोविडशी झुंजणाऱ्या सुमारे 22 लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येकी 50 लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर झाले. त्यात डॉक्टर व परिचारिकांबरोबर सफाई कर्मचारी आणि आशाही होत्या. रकमेत दर्जानुसार फरक नव्हता. परंतु हे संरक्षण मृत्यूसाठी होते, उपचारासाठी नव्हते.

त्यापूर्वी 2018 मध्ये आशांना जीवनज्योती व सुरक्षा या दोन विमा योजनांत आणून त्यांचा हप्ता केंद्राने उचलला. प्रत्येकीचे संरक्षण दोन लाख रुपयांचे. एक मृत्यूसाठी, दुसरे अपघाती मृत्यू वा अपंगत्वासाठी. जीवनज्योतीत प्रवेशाची वयोमर्यादा 50 वर्षे असल्याने अनेक ज्येष्ठ कार्यकर्त्या तिच्या बाहेर राहतात. जिवंतपणीच्या उपचारांचा विचार 2024-25 च्या अंतरिम अर्थसंकल्पात झाला. सर्व आशा, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आले आणि कुटुंबाला वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांची हमी मिळाली.

परीक्षार्थींनी येथे एक फरक लक्षात घ्यावा. रुग्णालयाचे देयक आणि बुडालेली मिळकत हे आजारपणाचे दोन वेगळे खर्च आहेत. कर्मचारी राज्य विम्यात पात्र कामगाराला प्रमाणित आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रोख लाभ मिळतो. जीवनज्योती, सुरक्षा आणि आयुष्मान या तिन्ही योजनांत तशी तरतूद नाही. भत्ता कामागणिक असल्याने क्षयरुग्णांच्या घरी फिरणारी मितानिन स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळली, तर त्या महिन्याचा भत्ता बुडतो.